बोलायच्या मॅडम

माझं शुद्धलेखन चुकीचं आहे आणि अक्षर वाईट आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शिकले. त्यानंतर पेन हातात आला तो पगाराच्या सहीपुरता. ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हाही जमत नव्हतं. गुरुजी म्हणायचे, तुझी वेलांटी वारा येईल तिकडं जाते.

हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. आमच्या घरात मराठी सगळे बोलतात, पण वाचता मला एकटीलाच येतं. आमच्या ह्यांचं शिक्षण इथंच हैदराबादेत तेलुगूतून झालं, मुलीचं इंग्रजीतून. म्हणून लिहायला धीर आला. तोंडानं मला कधीच नीट बोलता आलं नाही. चार माणसांत गेले की माझा घसा बंद होतो.

मी नारायणगुड्याला मुलींच्या एका कॉलेजात झाडूपोछ्याचं काम करायची. तिथं अशा बाईला आयम्मा म्हणतात. मला तो शब्द आवडायचा. आई आणि अम्मा एकदमच म्हटल्यासारखा वाटायचा. माझ्याकडं व्यायामाचा हॉल होता. माझी एकुलती एक मुलगी त्याच कॉलेजात बी.कॉम. करत होती. आई झाडू मारते म्हणून मुलीला लाज वाटत असेल, असं लोकांना वाटतं. तिला वाटत नव्हती. मैदानाच्या पार त्या टोकावरून ती "आई, डबा!" अशी ओरडायची की मलाच लाज वाटायची. सगळ्या मुली वळून बघायच्या आणि मी झाडू घेऊन खांबामागं व्हायची.

ती फार हसायची. हे मुद्दाम लिहिते, कारण आता सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही.

तेव्हा तेलंगणा वेगळं होणार, नाही होणार, असं चाललं होतं. आज बंद, उद्या मोर्चा, परवा बस नाही. परीक्षेची तारीख लागायची आणि पुढं जायची. हॉस्टेलच्या मुली बॅगा भरायच्या आणि परत सोडायच्या. आंध्राकडच्या मुली आणि इकडच्या मुली आधी एका ताटात जेवायच्या, त्या वेगवेगळ्या टेबलांवर बसायला लागल्या. कोणाला झोप येत नव्हती, कोणाला चक्कर यायची, कोणी वर्गात बसल्याबसल्या रडायची. मग सरकारच्या कुठल्या तरी खात्याकडून कॉलेजात योजना आली. सकाळी मुलींनी व्यायाम करायचा. आणि हॉलला लागून एक खोली, तिथं एक मॅडम बसणार, त्यांच्याशी मुलींनी मनातलं बोलायचं.

हॉलमध्ये नव्या वस्तू आल्या. पळायचा पट्टा, डंबेल्स, चटया, दोऱ्या, आणि एक सायकल, जी कितीही चालवली तरी जागेवरच राहते. मी घरी येऊन ह्यांना सांगितलं.

"मग त्या सायकलवरून पोचायचं कुठं?" हे म्हणाले.

"पोचायचं नसतं. घाम काढायचा."

"घाम काढायला सायकल लागते? कुकटपल्लीला आमच्या युनिटमध्ये पाठव म्हणावं त्यांना. फुकटात काढून देतो."

मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. हे खोकी बनवायच्या कारखान्यात होते. दुपारी तिथं पत्रा तापला की माणसं शर्ट काढून काम करतात.

त्या नव्या मॅडम आंध्राच्या समुद्राकडच्या जिल्ह्यातल्या होत्या. खळीची सुती साडी नेसायच्या, आवाज एकदम हळू. त्यांना तेलुगू आणि इंग्रजी यायचं. हिंदी विचाराल तर "अच्छा" आणि "पानी". त्यांच्या कामाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला म्हणता यायचं नाही, म्हणून मी त्यांना मनात बोलायच्या मॅडम म्हणायची. मुलींनी दुसरंच नाव पाडलं. त्या खोलीला त्या पिच्ची रूम म्हणायच्या. तेलुगूत पिच्ची म्हणजे वेडी. एखादी मुलगी त्या बाजूला वळली की मागून आवाज यायचाच, "ए, आज पिच्ची रूमला का गं?" मग ती मुलगी नळावर तोंड धुऊन परत यायची.

बरेच दिवस मॅडम एकट्याच बसून होत्या. मी दाराबाहेर पोछा मारायची आणि त्या आतून माझ्याकडं बघून हसायच्या. मी मान खाली घालायची.

मग एके दिवशी त्यांनी खोलीच सोडली. हॉलमध्ये आल्या, सायकलशेजारी चटई टाकून खाली बसल्या. सायकलवर जी मुलगी बसेल तिची पाण्याची बाटली मांडीवर घ्यायच्या आणि समोर भिंतीकडं बघत बसायच्या. मुलीच्या तोंडाकडं बघायच्याच नाहीत. आणि काय झालं कोणास ठाऊक, मुली बोलायला लागल्या. पाय चालू झाले की तोंड चालू व्हायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, मुलगी व्यायाम करते आहे आणि कोणी तरी बाई दमून खाली बसली आहे. थोड्याच दिवसांत सायकलला रांग लागायला लागली. खेळ शिकवणाऱ्या पीटी मॅडम इकडच्याच, मोठ्या आवाजाच्या. त्या ओरडायच्या, "क्या मॅडम, मेरे पट्टे कू जंग लगरा, तुम्हारे सैकल पे लाइन!"

माझ्या मुलीला मात्र सायकल नको असायची. ती मैदानावर पळायची. ओढणी कमरेला बांधून पळायची आणि येऊन माझ्या बादलीत हात बुडवून तोंडावर पाणी मारायची. "अगं, ते पोछ्याचं पाणी आहे!" "आई, फिनाईल अजून घातलं नैस ना? मग क्या होता?"

ते पळणं थांबलं कधी, ते मला नेमकं सांगता येत नाही. आधी ती सकाळी उठेना. मग उठली तर मैदानात पायरीवर बसून राहायची. मग केस विंचरेना. ताटातला भात चिवडायची आणि झाकून ठेवायची. विचारलं तर म्हणायची, "कुछ नै, आई." रागावली असती, रडली असती, तर मला काही धरायला मिळालं असतं. लोक कारण विचारतात. कोणी मुलगा होता का, मार्क कमी पडले का, कोणी काही बोललं का. मीही खूप शोधलं. कारण असतं तर मी त्याच्या दारात जाऊन बसले असते.

आमच्या बुद्धविहारातल्या एका बाईनं तिच्यासमोरच मला सांगितलं, "लग्नाचं बघ. संसार अंगावर पडला की आपोआप उठेल. जास्त शिकवलं की असं डोक्यात जातं."

"हौ मावशी," मुलगी म्हणाली. एवढंच. आधीची असती तर तिनं मावशीची नक्कल करून मला घरी येईपर्यंत हसवलं असतं. त्यानंतर ती विहारात आली नाही.

व्यायामाची हजेरी असायची. ती सलग येईना म्हणून बोलायच्या मॅडमनी एके दिवशी मला थांबवलं. मी हॉलच्या दारात होते. त्यांनी तेलुगूत विचारलं, "मी अम्माई इंट्लो एला उंदी?" म्हणजे तुमची मुलगी घरी कशी आहे. एवढं मला कळत होतं. इतकी वर्षं इथं राहून तेलुगू कानावर होतं, जिभेवर नव्हतं. मी सगळ्यांशी दख्खनीत, म्हणजे इथल्या हिंदीत, बोलून वेळ मारून न्यायची. पण मॅडमना ती येत नव्हती, आणि त्या माझ्या मुलीसाठी विचारत होत्या. मला वाटलं, आज बोललंच पाहिजे.

मला सांगायचं होतं की तिला कशाची म्हणजे कशाचीच पर्वा राहिली नाही. तेलुगूत नाहीला लेदु म्हणतात, ते मला माहीत होतं. आणि पर्वालेदु हा शब्दही मी रोज ऐकायची. बसमध्ये कोणाच्या पायावर पाय पडला की ते म्हणतात पर्वालेदु. सुटे पैसे नसले की दुकानदार म्हणतो पर्वालेदु. मी समजून होते की ज्याला पर्वा नाही तो असं म्हणतो. आपलाच तर शब्द आहे.

मी झाडू खाली ठेवला आणि एकेक शब्द जुळवून बोलले. "तिंडी पर्वालेदु, मॅडम. निद्र पर्वालेदु. चदुवु पर्वालेदु." खाण्याची पर्वा नाही, झोपेची पर्वा नाही, अभ्यासाची पर्वा नाही. बोलताना माझे डोळे भरून आले.

मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "पर्वालेदा? मंचिदि, अम्मा, मंचिदि." बरं झालं, बरं झालं. मला वाटलं, बरं झालं तुम्ही सांगितलं, असं म्हणत आहेत. शिकलेल्या माणसाशी मी आयुष्यात पहिल्यांदा इतकं बोलले होते. त्या दिवशी मी हलकी होऊन घरी गेले. आता मॅडम बघतील, असं मनाशी धरून बसले.

मॅडमनी काहीच केलं नाही. मी रोज वाट बघायची. त्या मला बघून हसायच्या, मुलीला हात करायच्या, आणि सायकलजवळ दुसऱ्या मुलींत बसायच्या. मला वाटलं, मॅडमची काही पद्धत असेल, हळूहळू करत असतील. ह्यांना मी बोलले नाही. मुलीचा विषय निघाला की हे जेवण अर्धं सोडून बाहेर जायचे, म्हणून घरात तो निघत नव्हता.

मग परीक्षा आली. बंदमुळं दोनदा पुढं गेलेली. त्या दिवशी मी परीक्षेच्या खोल्यांबाहेरचा व्हरांडा झाडत होते. घंटा झाली, मुली बाहेर आल्या. ती येईना. आतले सर एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले, "एळ्ळु अम्मा, टायमैपोइंदि." जा आता, वेळ संपली. मी दारातून बघितलं. ती बाकावर सरळ बसली होती, पेपर समोर कोरा, पेनाला टोपण लावलेलं. दोन मुलींनी दोन्ही दंडांना धरून उठवलं तर ती उभी राहिली. सोडलं की परत बसली.

तिला व्यायामाच्या हॉलमध्ये आणून चटईवर निजवलं. बोलायच्या मॅडम धावत आल्या. त्या पीटी मॅडमशी तेलुगूत भरभर बोलायला लागल्या, मधूनमधून माझ्याकडं बोट करत. पीटी मॅडम माझ्याकडं वळल्या.

"अम्मा, मॅडम तुमकू पूछे थे ना, बच्ची घर में कैसी है बोलके?"

"हौ."

"तुम क्या बोले?"

"पर्वालेदु बोली. खाना पर्वालेदु, सोना पर्वालेदु."

पीटी मॅडमना हसू आलं. त्यांच्या स्वभावानं आलं ते. "अय्यो अम्मा! पर्वालेदु बोले तो ठीक है बोलके मतलब! सब अच्छा है बोल को आ गए तुम!" आणि चटईकडं बघून त्यांचं हसणं तिथल्या तिथं थांबलं.

मी खाली बसले. मॅडमना माझं म्हणणं कळलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि बराच वेळ काही तरी बोलल्या. पीटी मॅडमनी त्यातलं थोडंच सांगितलं. "मॅडम बोलरे, मेरेकू दुबारा पूछना था. तुम्हारे आँखों में पानी था, मैं खुशी का समझी."

मुलगी ऐकत होती. तिला तर दोन्ही भाषा येतात. ती चटईवरून छताकडं बघत म्हणाली, "आई, तेलुगू बोललीस?" आणि डोळे मिटून घेतले.

आधी कळलं असतं तर ती त्या बाकावर तशी बसून राहिली नसती का, हे मला कोणी सांगू शकत नाही. मी पीटी मॅडमना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "छोडो अम्मा." 

त्यानंतर मॅडमनी मात्र तिला सोडलं नाही. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी तिला सायकलवर बसवायच्या. पहिले दिवस तर ती पायडलवर पाय ठेवून नुसती बसायची आणि मॅडम बाटली घेऊन भिंत बघायच्या. दोघी गप्प. मी झाडत असायची, तो झाडूचाच काय तो आवाज. मग एक दिवस चाक फिरलं. मग ती बोलायला लागली. काय बोलायची ते मी ऐकलं नाही. जवळ आले की गप्प व्हायची, म्हणून मी लांबचा कोपरा पुन्हापुन्हा झाडायची. तो कोपरा त्या दिवसांत आरशासारखा होता.

मॅडमनीच तिला कुकटपल्लीला मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. मला सोबत घेतलं. बसमध्ये दोघी पुढं, मी मागं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. मी कनवटीची पुरचुंडी सोडेपर्यंत मॅडमनी खिडकीत पैसे भरले होते. गोळ्याही त्यांनीच घेतल्या. मी "नक्को, नक्को" करत राहिले. त्यांनी हातानंच मला बस म्हटलं.

गोळ्यांनी ती झोपायला लागली. एकदा तिनं आपणहून भाकरी मागून घेतली. मी तव्यासमोर होते. मागं वळून बघितलंही नाही, बघितलं तर ती परत ठेवेल अशी भीती वाटली.

तेवढ्यात राज्य वेगळं झालं. रस्त्यावर फटाके वाजले, गुलाल उडाला. आमच्या गल्लीतही पोरं नाचली, हेही नाचले. त्यात वाईट काय होतं, आम्हीही इथलेच झालो होतो. पण मॅडमचं ते खातं दोन राज्यांत वाटलं गेलं, आणि खात्याबरोबर माणसंही वाटली गेली. शाळा कुठं झाली, जन्म कुठला, ह्यावरून कोणी इकडं, कोणी तिकडं. मॅडम तिकडं गेल्या.

शेवटच्या सकाळीही त्या चटईवर बसल्या. जाताना बाटली मुलीच्या हातात दिली, माझ्याकडं आल्या, काही तरी बोलल्या, मला अर्धं कळलं. त्या गेल्यावरही मुलगी सायकल मारतच राहिली. घाम गळून खाली थेंब पडायला लागले. पीटी मॅडम म्हणाल्या, "बस कर गे, चेन टूट जाती."

योजना बंद पडली. वाटप पुरं झालं की बघू, असं वरून आलं. हॉलला कुलूप लागलं. किल्ली माझ्याकडं होती, कारण झाडायचं तर होतंच. मी एक केलं. तिला सकाळी माझ्याबरोबर न्यायला लागले, कुलूप काढायची आणि सायकलवर बसवायची. ती पायडल मारायची, तोंड बंद. थोडे दिवस मी नुसतं बघितलं. मग एका सकाळी मीच चटई घेतली आणि मॅडम बसायच्या तिथं बसले. तिची बाटली मांडीवर घेतली. भिंतीकडं बघितलं. मला वाटलं होतं, बसले की काही तरी सुचेल. मॅडम काय विचारायच्या ते मला माहीत नव्हतं. चाकाचा आवाज येत होता. माझा घसा नेहमीसारखा बंद झाला. पोटच्या पोरीसमोरसुद्धा. शेवटी मी म्हटलं, "दमलीस का?"

पायडल थांबलं.

"आई," ती म्हणाली, "तू तिथं नको बसू."

रागानं नाही म्हणाली. मी उठले आणि झाडायला लागले. ती खाली उतरली. दुसऱ्या दिवशी मी हाक मारली तर तिनं पांघरूण डोक्यावर ओढलं.

पुढं त्या हॉलमध्ये फायली आल्या. कुठल्या तरी ऑफिसच्या, दोन राज्यांत वाटायच्या, लाल आणि पिवळी फीत बांधलेल्या. भिंतींना लावून छातीपर्यंत रचल्या. पट्टा आणि सायकल टेम्पोत घालून नेली, कोणाच्या वाट्याला गेली कोणास ठाऊक. मुलीचं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी नाव घातलं नाही. कॉलेजात मुली मला विचारायच्या, "आयम्मा, ती कशी आहे?" मी मान हलवायची. कुठल्याच भाषेत उत्तर द्यायचं मी सोडून दिलं होतं.

गोळ्यांचे पैसे मॅडम तिकडूनही पाठवत होत्या. पीटी मॅडमच्या खात्यात यायचे, त्या गोळ्या आणून द्यायच्या. मला वाटायचं कॉलेज देतं. कळलं तेव्हा मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी गोळ्यांची पाकिटं हातात घेऊन मोजली. मग म्हणाले, "आपण आजवर कोणाचं ठेवलं नाही. त्यांचं पण ठेवायचं नाही. पुढच्या गोळ्या आपण आणू, आणि मागचे पैसे थोडे थोडे फेडू."

ठरलं तसं केलं. पगार झाला की येणाऱ्या रविवारी मी विद्यानगरला पीटी मॅडमच्या घरी जायची, चालत जाण्यासारखं होतं. त्या पैसे खात्यात भरायच्या. पण आधी मॅडमना फोन लावायच्या, "आयम्मा आए, पैसे ले को आए," असं ओरडून सांगायच्या. मॅडम तिकडून वद्दु वद्दु म्हणायच्या, नको नको. आणि मग विचारायच्या, मुलगी आली आहे का.

पहिल्यांदा नव्हती आली. घरी येऊन मी तिला तेवढंच सांगितलं, "मॅडमनी तुला विचारलं." पुढच्या पगाराच्या रविवारी मी पदर खोचून निघाले तर ती आरशापुढं उभी होती. केस विंचरत होती. गाठी सुटत नव्हत्या, तरी ओढत होती.

त्यानंतर ती दर वेळी आली. महिन्यात तेवढ्याच एका दिवशी घराबाहेर पडायची. पीटी मॅडमच्या ओसरीवर फोन कानाला लावून भिंतीकडं तोंड करून बसायची. बहुतेक वेळा "ऊं", "ऊं" एवढंच. एकदा तिनं आपणहून विचारलं, तुमच्या घरातून समुद्र दिसतो का. मॅडमनी काही तरी सांगितलं आणि ती हसली. थोडंसंच, नाकातून. पीटी मॅडम चहा गाळत होत्या, त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं.

"समुद्र लांब आहे म्हणे," परतताना तिनं मला सांगितलं. "घरातून शेजाऱ्याची म्हैस दिसते फक्त."

बाकी महिनाभर ती भिंतीकडं तोंड करून निजलेली असायची.

मी पैसे कमी कमी द्यायला लागले. आधी देत होते त्याच्या अर्धे, मग त्याहून कमी. पीटी मॅडमच्या लक्षात आलं असेल, पण त्या दिले तेवढे घ्यायच्या. ह्यांना मी सांगायची, ह्या महिन्यात किराणा जास्त झाला, ह्या महिन्यात चप्पल घ्यावी लागली. कामाशिवाय मला कोणाला फोन करता येत नाही. मॅडमना काय म्हणून लावायचा? माझ्या मुलीशी बोला म्हणून? मोठी माणसं, त्यांना त्यांचं काम. पैसे द्यायचे होते तोवर मला त्या ओसरीवर जायला तोंड होतं.

हे काही महिने बघत होते. एकदा म्हणाले, "अगं, किती दिवस डोक्यावर ठेवणार? त्या बाईला वाटेल, आपण बुडवायच्या विचारात आहोत."

"देते ना हळूहळू."

"हळूहळू हळूहळू करत मरून जाऊ."

मग कुकटपल्लीचं युनिट बंद झालं. मालकानं जागा विकली, तिथं मोठी बिल्डिंग होणार होती. कामगारांना हिशेब मिळाला. मी म्हटलं, गोळ्यांना ठेवा, घरभाड्याला ठेवा. हे हो म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी हे घरी आले ते अंघोळ केल्यासारखे दिसत होते. हातात केळी होती. मुलगी दाराशी बसली होती, केस धुवून वाळवत. दुसऱ्या दिवशी पगारानंतरचा रविवार होता.

"मी पीटी मॅडमकडं जाऊन आलो," हे म्हणाले. "सगळे दिले. होते तेवढे सगळे एकदम. त्यांनी माझ्यासमोर मोबाईलवर पाठवून दाखवले." ह्यांनी एक केळं तिच्याकडं धरलं. इतक्या दिवसांत मी ह्यांना असं ताठ उभं बघितलं नव्हतं. "आता कोणाचं काही नाही आपल्याकडं."

मी उरलेली केळी घेऊन फळीवर ठेवली. ह्यांना काय सांगणार होते.

मुलीनं केळं घेतलं, पण सोललं नाही.

"मग उद्या जायचं नै, पप्पा?"

"आता कशाला जायचं?" हे म्हणाले आणि तिच्या ओल्या केसांवरून हात फिरवला. "फिटले ना सगळे पैसे."